जुन्या लेथची क्रॉस स्लाईड हाताने स्क्रेप कशी करावी

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या जुन्या वर्कशॉपमध्ये आजोबांनी घेतलेला एखादा लेथ हमखास उभा असतो. बेड जाड, हेडस्टॉक (चक फिरवणारा डोक्याकडचा भाग) भक्कम, पण फेसिंग मारलं (जॉबचं तोंड सपाट कापलं) की जॉब मध्ये फुगतो आणि पार्टिंग करताना (जॉब कापून वेगळा करताना) टूल आत घुसतं. असा लेथ भंगारात घालण्याआधी त्याची क्रॉस स्लाईड, म्हणजे टूल आडवं पुढेमागे नेणारा भाग, तपासा. ती झिजली असेल तर स्क्रेपर (खरवडायचं हत्यार), सरफेस प्लेट (अगदी सपाट प्लेट), स्ट्रेट एज (सरळ धारेची पट्टी) आणि डायल (बारीक फरक मोजायचं घड्याळ) एवढ्या सामानावर उंचवटे खरवडून, म्हणजे स्क्रेप करून, घरच्या घरी पुन्हा सरळ होते. शिकायलाही हाच भाग चांगला, कारण तो उचलून प्लेटवर ठेवता येतो. पहिल्याच कामाला बेडला हात घालू नये.

खोलण्याआधी मोजा

आधी जिब (स्लाईडची ढिलाई घालवणारी बाजूची पट्टी) घट्ट करून स्लाईड या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. हँडल मध्ये सैल आणि टोकांना जड लागलं, तर झीज मध्यभागी आहे. रोजचं काम त्याच पट्ट्यात होतं, म्हणून तिथलंच बीड (कास्ट आयर्न) खाल्लं जातं. ही झीज जिब आवळून कधीच निघत नाही.

मग चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या जबड्यांत) साधारण २०० मिमीची बिडाची चकती धरा, सॅडल (क्रॉस स्लाईडखालचा, बेडवर सरकणारा भाग) लॉक करा आणि हलका फिनिश कट मारा. स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) थांबवून टूलच्या जागी डायल लावा. टूल ज्या बाजूने आलं त्या बाजूवर डायल शून्यच दाखवणार, कारण ती त्याच वाटेने चालते. ते रीडिंग फसवं आहे. डायल मध्यावर शून्य करा आणि पलीकडच्या बाजूवर न्या. तिथे चुकीच्या दुप्पट आकडा दिसतो. पिन आत दाबली गेली तर चकती मध्ये खोलगट आहे, पिन बाहेर आली तर फुगीर. ३०० मिमी व्यासाला मध्य ०.०२ मिमीपर्यंत खोल चालतो. फुगीर मात्र अजिबात चालत नाही, कारण दोन फुगीर फेस जोडले की एकमेकांवर डुलतात.

बेड चकजवळ खोल झिजला असेल किंवा सॅडल खालून खाल्लं असेल, तर आधी ती कामं उरका. नाहीतर क्रॉस स्लाईडवर घेतलेली सगळी मेहनत सॅडल वाकडं बसल्यावर वाया जाते.

हत्यार आणि निळं

स्क्रेपरसाठी जुन्या १२ इंची कानशीची बॉडी उत्तम. टोकाला २० ते २५ मिमी रुंद कार्बाइड टिप ब्रेझ करा (झाळून जोडा). टिपची धार सरळ ठेवू नका. ६० ते १०० मिमी त्रिज्येची हलकी गोलाई द्या, म्हणजे कोपरे रुतत नाहीत. बिडासाठी धारेचा कोन ९० ते ९५ अंश ठेवा आणि शेवटी डायमंडवर पॉलिश करा. मूठ कमरेला टेकेल इतकी लांबी हवी. जोर कमरेतून येतो, हात फक्त दिशा देतात. म्हणून आजोबांचा स्क्रेपर नातवाला जसाच्या तसा जमत नाही. पातं ठेवा, दांडा त्याच्या उंचीचा करा.

मार्किंगला, म्हणजे जॉबचे उंचवटे रंगाने उठवून दाखवायला, प्रशियन ब्लू (निळा रंग) घ्या. जुने फिटर शेंदूर तेलात कालवून वापरायचे, पण शेंदरात शिसं असतं. त्याऐवजी काव तेलात कालवून जॉबवर अगदी पातळ पुसा आणि प्लेटवर निळं लावा. तांबूस पार्श्वभूमीवर निळा ठिपका लख्ख उठतो.

प्लेट, स्ट्रेट एज आणि जॉब रात्रभर एकाच खोलीत राहू द्या. ५०० मिमी लांब आणि ६० मिमी उंच बिडाच्या स्ट्रेट एजच्या वरच्या आणि खालच्या बाजूत एका अंशाचा फरक पडला, तरी ती मध्ये ५ ते ६ मायक्रॉन (मिमीचे हजारावे भाग) वाकते. हाताची ऊब तेवढं सहज करते. धरायला लाकडी मूठ लावा.

एक फेरी कशी असते

प्लेटवर निळं हाताच्या टाचेने पसरवा. स्लाईड ठेवून २०–२५ मिमीच्या दोन-तीन छोट्या हालचाली द्या आणि सरळ वर उचला. सुरुवातीला निळं दोन-चार मोठ्या पट्ट्यांत लागेल. ती अख्खी पट्टी १०–१२ मिमीच्या स्ट्रोकने खरवडा. अशा फेरीत ५ ते १० मायक्रॉन निघतात. पुढची फेरी आधीच्या रेघांना काटकोनात मारा. दर फेरीनंतर बारीक ऑइल स्टोन हलकेच फिरवून बर (कडेला उठलेली कुसं) काढा, पुसा, आणि शेवटी उघडा तळहात फिरवा. चिंधीला न लागलेला कण तळहाताला टोचतो, आणि तो एक कण राहिला तर पुढचं मार्किंग खोटं येतं.

काम जवळ येईल तसं निळं पातळ करत जा आणि स्ट्रोक ५–६ मिमीवर आणा. आता ठिपका नीट वाचा. मध्ये चकाकता बिंदू आणि भोवती निळं कडं दिसलं, तर खरा उंचवटा तो बिंदू आहे, कडं नाही. नुसतं निळं म्हणजे प्लेटला जेमतेम भिडलेली जागा. तिला हात लावू नका. हे वाचन हेच खरं कसब आहे. मोठ्यांनी निळं वाचून खडूने खुणा कराव्यात आणि पोरांनी स्क्रेपर चालवावा, ही वाटणी सगळ्यात लवकर शिकवते.

प्रत्येक वेळी स्लाईड एका टोकाला बोटाने ढकलून ती कुठून वळते ते पाहा. दोन्ही टोकांपासून साधारण एक तृतीयांशावर वळली तर ठीक. मध्यावर गरगरली तर पोट आहे, अगदी टोकावर वळली तर मध्ये पोकळ. निळं सगळीकडे लागलेलं दिसत असतानाही ही चाचणी खरं बोलते.

पुठ्ठ्यात २५ × २५ मिमीची खिडकी कापून ठिपके मोजा. क्रॉस स्लाईडला १० ते १४ पुरे. २० च्या पुढे जाण्याचा हट्ट नको. तेल थांबायला खळगे उरत नाहीत आणि स्लाईड चिकटून चालते.

कुठली बाजू आधी

क्रम चुकला की काम दुप्पट होतं. प्रथम स्लाईडच्या खालच्या सपाट पट्ट्या प्लेटवर करा. मग तीच स्लाईड माप म्हणून वापरून सॅडलच्या सपाट पट्ट्या करा. त्यानंतर सॅडलच्या डव्हटेलची (स्लाईड ज्यात अडकून सरकते त्या तिरक्या कडांच्या खाचेची) जिबसमोरची पक्की बाजू. डव्हटेल ५५ अंशांचा की ६० चा, हे स्ट्रेट एज निवडण्याआधी मोजून घ्या.

पक्की बाजू स्पिंडलला काटकोनात हवी. तिला स्ट्रेट एज टेकवून धरा, चकमध्ये आडव्या दांड्यावर डायल बांधा आणि स्पिंडल हाताने अर्धा फेरा फिरवून पुढचं आणि मागचं टोक वाचा. ऑपरेटरकडचं टोक हेडस्टॉकपासून किंचित लांब असलं पाहिजे, म्हणजे टूल मध्याकडे जाताना हेडस्टॉककडे सरकतं आणि फेस खोलगट येतो. तिरकेपणा काढायला लांबीचे तीन भाग खडूने पाडा. आधी फक्त शेवटच्या भागावर एक फेरी, मग शेवटच्या दोन भागांवर, मग पूर्ण लांबीवर. फेरीला ५ मायक्रॉन धरले तर टोकाला १५, मध्ये १० आणि सुरुवातीला ५ निघतात. दर फेरीचं रीडिंग स्लाईडच्या आकृतीवर वहीत लिहा. पुढच्या पिढीला ही वही मशीनइतकीच उपयोगी पडते.

जिबकडची बाजू पक्क्या बाजूला समांतर करायला डव्हटेलच्या दोन्ही कोपऱ्यांत सारख्या व्यासाचे बेअरिंग रोलर ठेवा आणि त्यांच्यावरून मायक्रोमीटरने दोन्ही टोकं मोजा. टेपर जिब असेल तर टेपर कुठल्या भागात दिला आहे ते आधी पाहा. जिब शेवटी, जागेवर बसवून.

स्लाईड जितकी खाली उतरते तितका तिचा नटही (हँडलचा स्क्रू ज्यात फिरतो तो) उतरतो आणि स्क्रू जड होतो. नटच्या वरच्या बैठकीतून तेवढंच काढा. हे विसरल्यामुळे चांगलं स्क्रेपिंगही खराब वाटतं.

हमखास बिघडतं ते

लाटांसारख्या रेघा उठल्या तर धार गेली आहे किंवा एकाच दिशेने फेऱ्या झाल्या आहेत. खोल ओरखडा पडला तर टिपचा कोपरा लागला. निळं सगळीकडे लागलं तर ते जाड आहे. पॉलिश पेपर मुळीच नको: त्याचे कण बिडात रुततात आणि समोरचा भाग खात राहतात. जुलै-ऑगस्टमध्ये घामाच्या बोटांचे ठसे रातोरात गंजतात, म्हणून उठताना तेलाचा हात फिरवाच. शेजारी पॉवर प्रेस चालू असेल तर शेवटचं मार्किंग तो बंद असताना घ्या.

नव्या हाताला सराव

कोल्हापुरात फाउंड्री शोधावी लागत नाही. एफजी २६० ग्रेडच्या बिडाचे २०० × १०० × ४० मिमीचे तीन ब्लॉक ओतून घ्या, रफ मशीनिंग करा आणि काही महिने उन्हापावसात टाकून ठेवा, म्हणजे आतला ताण सुटतो. मग पहिला-दुसरा, पहिला-तिसरा, दुसरा-तिसरा असे आळीपाळीने एकमेकांवर घासून स्क्रेप करा. दोनच ब्लॉक असले तर एक फुगीर आणि दुसरा पोकळ होऊनही छान जुळतात. तिसरा आला की हे लपत नाही. पीळ राहू नये म्हणून मध्येमध्ये एक ब्लॉक आडवा फिरवून लावा. इंग्लंडचे इंजिनिअर जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये मांडलेली ही पद्धत आजही तशीच चालते, आणि शेवटी घरात स्वतःच्या हातच्या तीन सपाट प्लेटा राहतात.

सगळं जुळवल्यावर जिब इतकीच आवळा की हँडल पूर्ण लांबीत एकसारखं लागेल. चकतीची चाचणी पुन्हा घ्या. स्लाइडवे ऑइल ६८ ग्रेडचं घाला आणि महिनाभर काम केल्यावर जिब एकदा परत पाहा. उंच ठिपक्यांची टोकं बसल्यामुळे ती थोडी सैल झालेली असते.