मुंबई ते लंडन : विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर मोजू नका. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे सपाट नकाशावरची सरळ रेघ हा जवळचा रस्ता नसतो. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या: मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, लंडनचं हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम.

आधी कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे ना, ते बघा. रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर, राहिला तर उत्तर भलतंच येतं. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.२५६. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार: ०.१६९. बेरीज ०.४२५. तिचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) काढला की साधारण ६४.९ अंश मिळतात. एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, म्हणून अंतर सुमारे ७,२१० किलोमीटर.

चूक हमखास होते ती रेखांशात. एक पूर्व आणि दुसरा पश्चिम असेल तर वजाबाकी नाही, बेरीज करायची: ७२.८७ + ०.४५ = ७३.३२. लंडनच्या बाबतीत चुकलात तरी फारसं बिघडत नाही, पण न्यूयॉर्कचा रेखांश जवळपास ७४ पश्चिम आहे. तिथे वजाबाकी केलीत तर सगळा हिशोब कोसळतो. दुसरी चूक मिनिटांची: एका अंशाची ६० मिनिटं असतात, म्हणून १९ अंश ५ मिनिटं म्हणजे १९.०५ नव्हे, १९.०८.

आता वेळ. विमान नेमक्या त्या रेषेवरून जात नाही. ठरलेले हवाई मार्ग असतात, काही देशांची हद्द बंद असते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या विमानांना मोठा वळसा पडला. म्हणून अंतरात पाच टक्के वाढवा: साधारण ७,५७० किलोमीटर.

मोठं जेट ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातं. पण उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, थंडीत तर फार जोरात. जाताना वारा समोरून येतो, म्हणून ८४० धरा: नऊ तास. येताना तोच वारा पाठीशी असतो, म्हणून ९६०: आठ तासांना थोडे कमी. धावपट्टीपर्यंतचं रांगणं आणि चढ-उतारातला संथपणा यांचा अर्धा तास दोन्हीकडे मिळवा. जायला साडेनऊ, यायला साडेआठच्या आत.

तिकिटावरच्या वेळा मात्र स्थानिक असतात. रात्री २ला निघून सकाळी ७ला पोहोचणार असं दिसलं, तर ते पाच तास नाहीत. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणजे प्रवास साडेनऊ तासांचा. एरवी फरक साडेपाच तासांचा असतो. परतीच्या तिकिटावर हाच फरक वजा करायचा: सकाळी १०ची निघणारी फ्लाइट उन्हाळ्यात रात्री ११ला मुंबईत उतरली, तर १३ तासांतून साडेचार गेले, उरले साडेआठ.