योगी बेअरच्या गळ्यातला टाय

अ‍ॅनिमेशनच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मी अकरा सेकंदांचा एक शॉट केला होता. एक म्हातारी बाई पाटावर बसून फणसाच्या आठळ्या सोलते आहे. दारातून हाक येते, ती उठते आणि दाराकडे जाते. एवढंच. पण त्यावर मी चार आठवडे बसले होते. मोठे डोळे, कपाळावर हलणाऱ्या दोन बटा, मागे केशरी आकाश. वर्गात सगळ्यांना आवडला. परीक्षणाला बाहेरून आलेल्या एका ज्येष्ठ अ‍ॅनिमेटर बाईंनी तो तीनदा पाहिला आणि विचारलं, "ही उठताना हात कुठे टेकवते?"

मला उत्तर देता आलं नाही. माझी म्हातारी हात टेकवतच नव्हती. आधी ती बसलेली होती, मग उभी होती आणि मधे सहा फ्रेम होत्या, म्हणजे जेमतेम पाव सेकंद. बाई एवढंच म्हणाल्या, "हे तू माणूस बघून नाही केलंस. कार्टून बघून केलंस."

त्या वाक्याने माझं पुढचं अख्खं वर्ष व्यापलं. या वर्षी जे नव्याने प्रवेश घेताहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सेकंदाला २४ फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी स्थिर चित्रं), की पोझ (हालचालीतल्या मुख्य स्थिती), इनबिटवीन (त्यांच्या मधली चित्रं), टायमिंग म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर पहिल्या महिन्यात कळेल. ते अवघड नाही. मी जिथे अडकले ती जागा वेगळी आहे आणि ती कुणी आधी दाखवत नाही.

आपण सगळे या क्षेत्रात येतो ते कार्टूनवरच्या प्रेमातून. मी शाळेतून आले की दप्तर टाकून हिंदीतलं डोरेमॉन, शिनचॅन बघायची. २००८ मध्ये पोगोवर छोटा भीम आला, तेव्हा वाडीतली निम्मी पोरं आमच्या घरी असायची. या प्रेमाची लाज वाटून घेऊ नका. मुलाखतीत मुद्दाम परदेशी महोत्सवांतल्या फिल्मची नावं सांगायचीही गरज नाही. पण ज्या क्षणी तुम्ही पेन हातात घेता, त्या क्षणापासून हेच प्रेम तुम्हाला फसवू शकतं.

कसं ते नीट सांगते. अमेरिकन कार्टूनमधलं ते अस्वल, योगी बेअर, आठवतोय? अंगावर शर्ट नाही, पँट नाही, पण गळ्यात कॉलर आणि टाय. लहानपणी मला तो त्याचा रुबाब वाटायचा. त्यामागचं कारण वेगळंच निघालं. योगीचे निर्माते हॅना आणि बार्बेरा यांनी आधी टॉम अँड जेरी केलं ते एमजीएम स्टुडिओत, थिएटरसाठी. सात मिनिटांच्या फिल्मवर महिनोन्‌महिने काम चालायचं आणि त्या मालिकेला सात ऑस्कर मिळाले. १९५७ मध्ये एमजीएमने कार्टून विभागच बंद केला. मग दोघे टेलिव्हिजनकडे वळले. तिथे पैसा अगदी थोडा आणि दर आठवड्याला नवा भाग द्यायचा. मग त्यांनी चित्रं वाचवायला सुरुवात केली. बोलताना फक्त डोकं हलवायचं आणि धड तेच चित्र ठेवायचं, म्हणजे धड पुन्हा काढायला नको. पण हलणारं डोकं आणि न हलणारं धड यांच्यामधला सांधा दिसतो. तो झाकायला कॉलर आणि टाय.

जपानमध्येही तेच. १९६३ मध्ये ओसामू तेझुका यांनी अ‍ॅस्ट्रो बॉय टीव्हीवर आणला. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग. २४ फ्रेमला २४ चित्रं सोडाच, १२ काढणंही परवडणारं नव्हतं. एकेक चित्र तीन-तीन फ्रेम धरायचं, म्हणजे सेकंदाला आठ. स्थिर चित्रावरून कॅमेरा फिरवायचा, एकदा काढलेली धाव पुन्हा पुन्हा वापरायची. आज आपण ज्याला 'अ‍ॅनिमे लूक' म्हणतो, त्यातला बराच भाग या काटकसरीतून आला. पुढे लोकांनी तिचं सोनं केलं हे खरं, पण ती आधी काटकसर होती.

आता माझा शॉट आठवा. चेहरा स्थिर आणि बटा हलताहेत. मी ते 'स्टाईल' म्हणून केलं होतं. मला ना कुठल्या वाहिनीची मुदत होती, ना चित्रांचा हिशेब. मी दुसऱ्या कुणाची तरी तडजोड उचलली होती आणि तिलाच सौंदर्य समजत होते. खड्डा हाच आहे. तुमच्या आवडत्या कार्टूनमधली प्रत्येक हालचाल म्हणजे कुणीतरी आयुष्यात पाहिलेली गोष्ट, वजा त्याचा वेळ, वजा त्याचा पैसा. तुम्ही नक्कल करता ती वजाबाकीनंतर उरलेल्याची. त्यातून तुमची स्वतःची वजाबाकी झाली की हातात काहीच उरत नाही. माझ्या सहा फ्रेम म्हणजे तेच उरलेलं होतं.

मग कमी चित्रांत काम करणं वाईट का? अजिबात नाही. २०१८ च्या 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स' या अ‍ॅनिमेशनपटात जंगलातला झोके घेण्याचा प्रसंग बघा. मुरलेला स्पायडर-मॅन पीटर दर फ्रेमला हलतो, नवशिका माइल्स दोन फ्रेमला एकदा. त्यामुळे माइल्स अडखळत शिकणारा वाटतो आणि हात बसत जातो तसा तोही सफाईने हलू लागतो. तिथे चित्रं कमी करणं हा निर्णय आहे. आपल्याकडचं उदाहरण हवं तर १९७४ ची 'एक अनेक और एकता' परत बघा. विजया मुळे यांची, फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेली. साध्या रेषा, मोजकी हालचाल, तरी हललेली प्रत्येक गोष्ट हलायलाच हवी होती असं वाटतं. काटकसर करा, पण तुमच्या स्वतःच्या कारणासाठी.

परीक्षणानंतर मी सुट्टीत कुडाळला गेले आणि आजीला उठताना शूट करायचं ठरवलं. आजीला वाटलं मी फोटो काढते आहे. "माजो फोटो कित्याक गो?" म्हणून पदर सारखा करून ताठ बसली. तीन दिवस तिचं ते ताठ बसणं गेलं नाही. चौथ्या दिवशी मी फोन खिडकीत ठेवून बाहेर गेले आणि अंगणातून हाक मारली.

इथे एक बारीक गोष्ट. बहुतेक फोन सेकंदाला ३० फ्रेम घेतात. सेटिंग बदलून २४ करा, नाहीतर तुमची मोजणी चुकेल आणि कुठे चुकली तेही कळणार नाही. माझे दोन दिवस त्यात गेले.

आजीचं उठणं मोजलं. चार सेकंद, म्हणजे ९६ फ्रेम. त्यातल्या पहिल्या १४ मध्ये ती हलतच नाही, फक्त नजर दाराकडे जाते. मग २० फ्रेम सूप बाजूला सारण्यात. घाई असली तरी आठळ्या सांडू द्यायच्या नाहीत, म्हणून हात सुपावर जरा रेंगाळतो. मग उजवा तळवा जमिनीवर, बोटं पसरलेली, आणि कंबर आधी वर येते, डोकं सगळ्यात शेवटी. हे २६. मग डावा हात डाव्या गुडघ्यावर दाबून ती वाकलेलीच थांबते. नऊ फ्रेम. त्या नऊ फ्रेमांत ती श्वास घेते. उरलेल्या २७ मध्ये सरळ होते आणि दाराकडे पाऊल टाकायच्या आधी पदर खांद्यावर ओढते.

त्या नऊ फ्रेम मी कुठल्याही कार्टूनमध्ये पाहिल्या नव्हत्या. सॉफ्टवेअरही त्या देणार नाही. तुम्ही दोन पोझ द्या, ते मधलं अंतर गुळगुळीत भरून टाकतं आणि माणूस पाण्यात तरंगल्यासारखा वर येतो. गुडघा दुखतो हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही.

दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, काय केलं होतं माहीत आहे? कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घेत टिपली. पुढे १९१५ मध्ये आगकाड्या एकेक फ्रेम हलवून 'आगकाड्यांची मौज' केली. आधी रोप निरखलं, मग काड्यांना जीव दिला. माझ्या मते आपल्या अभ्यासक्रमाचा क्रमही हाच असायला हवा आणि पहिल्या सत्रात कुणालाही संगणकाला हात लावू देऊ नये. हे माझं मत आहे, वर्गातल्या निम्म्यांना पटत नाही.

आता क्लासांबद्दल. पदवीला येण्याआधी मी एका खासगी इन्स्टिट्यूटमध्ये आठ महिने काढले. नाव घेत नाही. '१०० टक्के प्लेसमेंट' असा फलक होता, फी बाबांनी पीएफमधून काढली. तिथे आम्हाला सॉफ्टवेअरचे मेनू पाठ करून घेतले आणि तयार हालचालींच्या फाइली पात्राला जोडायला शिकवलं. त्या फाइली धोकादायक आहेत. त्यात सगळं काही चालतं, पळतं, नाचतं, पण सगळ्यांचं चालणं एकाच माणसाचं असतं. शोरील, म्हणजे आपल्या निवडक कामाचा व्हिडिओ, बघणाऱ्याला ते पहिल्या तीन सेकंदांत ओळखू येतं. ब्लेंडर हे अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, शिकायला पुरेसं आहे. मेनू शिकण्यासाठी कुणाला लाखभर रुपये देऊ नका. आधीच भरले असतील तर मात्र कुढत बसू नका. मीही भरले आणि तरी इथवर आले.

एआय व्हिडिओबद्दल रोज कुणीतरी विचारतं. कामं बदलतील, काही जातील, खोटा धीर मी देणार नाही. पण पहिल्या वर्षात त्याने शॉट करून घेतलात तर नुकसान फक्त तुमचं आहे, कारण मोजणारा डोळा तयारच होत नाही.

आणि गुरू. जो तुमच्या हातातून पेन घेऊन तुमच्या चित्रावर स्वतःचं चित्र काढतो, त्याच्यापासून लांब राहा, मग त्याचं नाव कितीही मोठं असो. बघायला फार छान वाटतं, आपलं काही सुधारत नाही. जो प्रश्न विचारून गप्प बसतो तो धरून ठेवा. "हात कुठे टेकवते?" या एका प्रश्नाने मला जे दिलं ते आठ महिन्यांच्या फीने दिलं नाही.

ज्यांना चित्र येत नाही याची भीती वाटते त्यांच्यासाठी. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली नाही म्हणून रडलेली मुलं मी हॉस्टेलवर पाहिली आहेत. ज्यांना भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक म्हणतात ते राम मोहन रसायनशास्त्र शिकलेले. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात, डिस्नेहून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली, नोकरी करता करता ते शिकले. दुसरीकडे गीतांजली राव. जे.जे.मध्ये उपयोजित कला शिकल्या, राम मोहन यांच्या स्टुडिओत काम केलं आणि २००६ ची 'प्रिंटेड रेनबो' जवळजवळ एकटीने रंगवली. एका म्हाताऱ्या बाईची आणि तिच्या काडेपेट्यांची गोष्ट, कान चित्रपट महोत्सवात गौरवलेली. रस्ता एकच नाही.

घरच्यांचं म्हणाल तर २०२५ नंतर हवा बदलली आहे. 'महावतार नरसिंह'ला थिएटरं भरली, जपानी 'डीमन स्लेयर'चे पहाटेचे खेळ हाऊसफुल्ल गेले, आणि 'कार्टून काय शिकायचं' म्हणणारे काका आता 'यात स्कोप आहे म्हणे' असं म्हणतात. त्यांचं तेव्हाचंही मनाला लावून घेऊ नका आणि आताचंही. अर्ज करायला जाल तेव्हा समोर काम मागायला आलेली शंभर मुलं असतील आणि सुरुवातीचा पगार पुण्यात खोलीभाडं भागवण्याइतकाच असेल. हे आत्ताच माहीत असू द्या, आई-बाबांनाही सांगून ठेवा.

कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी आहेत, रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं एकेक करून समोर धरत गोष्ट सांगणारे. शाळेची सहल तिथे गेली होती तेव्हा मी कंटाळले होते. आता जाऊन पाहिलं तर एक चित्र संपून दुसरं कधी वर येतं याचं त्यांचं टायमिंग मला वहीत उतरवून घ्यावंसं वाटलं. पात्र जागचं हलत नाही, तरी प्रसंग पुढे सरकतो. त्यावर वेगळं लिहीन.

तो जुना शॉट मी तिसऱ्या वर्षी पूर्ण नव्याने केला. बटा काढून टाकल्या, आकाश साधं केलं. दार फ्रेममध्ये डावीकडे हवं होतं म्हणून आजीचा व्हिडिओ आडवा उलटवून घेतला आणि त्यावरून एकेक पोझ काढली. सूप, तळवा, कंबर, नऊ फ्रेमांचा श्वास, सगळं आलं. बाईंना पाठवला, त्यांचा होकार आला. मग गणपतीत घरी गेले तेव्हा आजीला फोनवर दाखवला. तिने चष्मा लावून दोनदा बघितला. मला वाटलं स्वतःला ओळखून हसेल.

"माजो डावो गुडघो दुखता," ती म्हणाली. "हिचो उजवो कसो?"

दार आता उजवीकडे घेतलं आहे. पार्श्वभूमी परत रंगवते आहे.