अर्भकमृत्यू मोजायला निघालात? आधी बारावा महिना बघा

एनएफएचएस-५ चा (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचा) डेटा हातात आला की पहिल्याच दिवशी अर्भकमृत्यू दर काढून बघायचा मोह होतो. काढा. देशाचा आकडा हजार जिवंत जन्मांमागे ३५.२ यायला हवा. नाही आला तर घाबरू नका, पहिल्या खेपेला सहसा कोणाचाच येत नाही. नमुन्याची वजनं, म्हणजे प्रत्येक मुलाखत किती जणींच्या वतीने मोजायची तो आकडा, लावलीत का (डेटातला व्ही००५ हा रकाना, दहा लाखांनी भागून) आणि मृत्यू भागिले जन्म असा सरळसोट भागाकार तर केला नाहीत ना, एवढं बघा. मुलाखतीआधी दोन महिने जन्मलेल्या बाळाचं वर्ष अजून भरायचंय, त्याला पूर्ण वर्ष जगलेल्यांत धरता येत नाही. हे कोणीही शिकवेल.

मी अडकलो ते बाराव्या महिन्यात, आणि त्याबद्दल मला कोणी एक शब्द सांगितला नव्हता.

बाळ किती वयाचं असताना गेलं, हे आईला विचारतात. नियम असा की महिन्याच्या आतलं वय दिवसांत लिहायचं, दोन वर्षांच्या आतलं महिन्यांत. पण आई म्हणते, "वर्षाचं होतं." ते दहा महिन्यांचं असेल, चौदाचंही असेल. चार वर्षं उलटलेली, आणि त्या आठवणीत पुन्हा कोण शिरेल? असं उत्तर आलं तर नेमके महिने खोदून विचारायचे, ही सूचना मुलाखतकारांना असते. पण संध्याकाळी शेवटच्या घरात, समोर डोळे पुसणारी बाई असताना, खोदवत नाही. १२ लिहिलं जातं. मी त्या मुलाखती घेणाऱ्या मुलींना दोष देत नाही.

आता गणित बघा. अर्भकमृत्यू म्हणजे ० ते ११ पूर्ण महिने. १२ लिहिलं की तो मृत्यू पुढच्या, १ ते ४ वर्षांच्या रकान्यात सरकतो. अर्भकमृत्यू दर कागदावर सुधारतो. पाच वर्षांखालचा एकूण दर (देशाचा ४१.९) जागचा हलत नाही, म्हणून चूक दिसतही नाही. मी दोन गटांची तुलना करून एका गटाच्या "यशावर" प्रबंधाचं अख्खं प्रकरण लिहिलं होतं. गाईडची सहीसुद्धा झाली होती! प्रत्यक्षात त्या गटात १२ वर मृत्यूंचा ढीग होता, बाकी काही नाही.

म्हणून दर काढायच्या आधी मृत्यूच्या वयाचा महिनावार तक्ता काढा. बी६ मध्ये (मृत्यूच्या वयाचा रकाना) २१२ म्हणजे १२ महिने, ३०१ म्हणजे "एक वर्ष". १०, ११, १३, १४ च्या शेजारी १२ एकटाच उंच दिसला तर थांबा. मनाने मृत्यू इकडचे तिकडे करू नका. त्यातले काही ११ च्या आत धरले तर दर किती बदलतो, ते काढून दोन्ही आकडे द्या. सातव्या दिवसाचंही असंच होतं: "आठवड्याचं होतं" म्हटलं की ७ लिहिलं जातं, आणि जन्माचा दिवस शून्य धरल्याने पहिल्या आठवड्याची हद्द सहाव्या दिवशी संपते.

आर (आकडेवारीसाठीची संगणकीय भाषा) मधली तयार पॅकेजं दर अचूक काढून देतात. वापरा, पण हा तक्ता काढल्यावर. आणि एकदाही फील्डवर न गेलेल्या गाईडकडून डेटाची गुणवत्ता शिकायला जाऊ नका. आठवडाभर एखाद्या सर्वेक्षण पथकाबरोबर फिरा, जास्त कळेल.

जिल्हानिहाय गर्भारपणातल्या तपासण्या बघताना माहेर विसरू नका. मुलाखतीच्या आदल्या रात्री त्या घरात झोपलेली बाई तिथे मोजली जाते. बाळंतपणाला माहेरी आलेलीच्या तपासण्या सासरच्या जिल्ह्यात झालेल्या असतात.

राहिला मातामृत्यू. जन्मांचा इतिहास, म्हणजे आपल्या सगळ्या बाळांची यादी, जिवंत आईच सांगते. बाळंतपणात गेलेली बाई आणि तिचं बाळ, दोघंही त्या यादीत नसतात. शिवाय घटना इतकी विरळ की एसआरएसलासुद्धा (देशाची जन्म-मृत्यूंची नमुना नोंदणी) तीन वर्षं एकत्र करावी लागतात. २०१८-२० चा देशाचा आकडा लाख जिवंत जन्मांमागे ९७, महाराष्ट्राचा ३३. तेव्हा "एनएफएचएसवरून जिल्ह्याचा मातामृत्यू दर" हा विषय कोणी सुचवला तर घेऊ नका, गाईडने सुचवला तरी.