शाळेचा नियम बदलला तर आमदाराकडनं विधिमंडळात प्रश्न कसा लावून घ्यायचा

आमच्या वाडीतल्या शाळेचा पट वीसच्या खाली गेला आणि ती शेजारच्या शाळेत जोडायची बोलणी सुरू झाली. कागदावर अंतर एक किलोमीटरच्या आत दाखवलेलं, पण ते सरळ रेषेतलं, मुलांची खरी वाट पऱ्यावरच्या (ओढ्यावरच्या) साकवावरनं, म्हणजे छोट्या पुलावरनं जाते आणि जुलैत साकव पाण्याखाली असतो. तेव्हा आम्ही नुसते ओरडत बसलो, ते तुम्ही करू नका.

आधी हातात आलेला कागद कुठला ते बघा, कारण सगळं त्याच्यावरच आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, संसदेने केलेला. त्याखालचे राज्याचे नियम २०११ चे, ते सरकार करतं आणि राजपत्रात छापतं. जीआर (शासन निर्णय) नाहीतर परिपत्रक खात्यातनं निघतं. आता महत्त्वाचं म्हणजे कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे राज्याने केलेला प्रत्येक नियम आणि अधिसूचना विधिमंडळापुढे ठेवावीच लागते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायला लावा, की हा बदल सभागृहाच्या पटलावर ठेवला का आणि कधी?

नियम कायद्याच्या बाहेर जाऊ शकत नाही हे २०२४ ला दिसलंच. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांतनं सूट, असा बदल फेब्रुवारीत केला, मे महिन्यात हायकोर्टाने स्थगिती दिली आणि जुलैत तो रद्दच केला. पण तोवर गरीब पोरांचे प्रवेश लटकले ना, म्हणूनच कोर्टाच्या आधी सभागृहात विचारलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आमदार म्हणजे फक्त विधानसभेचेच नाहीत हं, विधान परिषदेत कोकण शिक्षक आणि कोकण पदवीधर मतदारसंघाचेही आहेत, त्यांनाही भेटा. अधिवेशनाच्या बऱ्यापैकी आधी जा, सुरू झाल्यावर गेलात तर उशीर होतो. तारांकित प्रश्न मागा, त्यावर मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि उपप्रश्न विचारता येतात, अतारांकितला नुसतं लेखी उत्तर येतं. प्रश्न एका पानात, आणि "शिक्षणाची दुरवस्था" असलं काही लिहू नका, "अमुक शाळेपासून चालत अंतर किती, कोणी मोजलं, पावसाळ्यात वाट कुठली" एवढंच. सोबत शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडा, त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात त्यामुळे ठरावाला वजन येतं. आकडे नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर.

मंत्री सभागृहात "तपासून कार्यवाही करू" म्हणाले की ते वाक्य तारखेसकट लिहून ठेवा, दिलेला शब्द पाळला की नाही ते बघायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे, आणि थेट तुमचं गाऱ्हाणं मांडायचं तर विनंती अर्ज समिती. साकवाचा व्हिडिओ मात्र आत्ताच, पाऊस असतानाच काढा, डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशनात दाखवायला तो लागेल.