मेनिंजायटिसच्या संशोधनात येताय? आधी डोसची वेळ बघा

कर्क्युमिन, रेझव्हेरॅट्रॉल, बायकॅलिन, क्वेरसेटिन… जिवाणूजन्य मेनिंजायटिसमध्ये (मेंदूच्या आवरणांना झालेल्या जिवाणू संसर्गात) मेंदूची सूज आवरायला असे नैसर्गिक रेणू उपयोगी पडतील का, या कामात नवे विद्यार्थी मोठ्या उमेदीने येतात. त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते: शोधनिबंधाचा निष्कर्ष नंतर वाचा, आधी पद्धती उघडा आणि रेणू संसर्गाच्या आधी दिला की नंतर, ते शोधा. कितीतरी प्रयोगांत तो आधीच दिलेला असतो. रुग्ण मात्र ताप, ताठरलेली मान, हरपत चाललेली शुद्ध घेऊनच दाखल होतो.

दुसरं, सोबत अँटिबायोटिक होतं का? सेफ्ट्रिअॅक्सोन या अँटिबायोटिकने न्यूमोकोकस हा जिवाणू फुटतो, त्याच्या पेशीभित्तिकेचे तुकडे आणि न्यूमोलायसिन हे विष बाहेर सांडतं, आणि मायक्रोग्लिया (मेंदूतल्या संरक्षक पेशी), न्यूट्रोफिल (पांढऱ्या रक्तपेशी) आणखी चवताळतात. पूरक उपचार हवा तो याच घडीला. म्हणून खरी तुलना 'नुसतं अँटिबायोटिक' आणि 'अँटिबायोटिक अधिक रेणू' यांची. पेशींवर नुसतं एलपीएस (जिवाणूच्या आवरणातला दाहकारक घटक) टाकून टीएनएफ (दाह वाढवणारं प्रथिन) घटल्याचं दाखवणं ही फार तर सुरुवात झाली.

डेक्सामेथासोन या सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचा इतिहास नीट वाचाच. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ३०१ प्रौढांच्या युरोपीय चाचणीत वाईट परिणामांचं प्रमाण २५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं. पण उंदरांच्या पिल्लांमध्ये याच औषधाने हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागातल्या पेशींचा मृत्यू वाढल्याचंही दिसलं. सूज उतरली म्हणजे मेंदू वाचला असं नाही, त्यामुळे हिप्पोकॅम्पस आणि ऐकण्याची क्षमता दोन्ही तपासायला हवीत. ग्लिसरॉल तर साधा, ओळखीचा पदार्थ. तरी मलावीतल्या प्रौढांच्या चाचणीत (२०११) त्याने मृत्यू वाढले. 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?' हे वाक्य मला म्हणूनच सहन होत नाही.

प्रयोगशाळेतली एक गोष्ट आवर्जून करा. एमटीटी चाचणीच्या (जिवंत पेशी किती, ते जांभळ्या रंगावरून मोजणाऱ्या) प्लेटमध्ये पेशी नसलेल्या काही खाचा ठेवा, त्यांत फक्त माध्यम आणि तुमचा रेणू घाला. क्वेरसेटिनसारखा रेणू एमटीटीचं स्वतःच क्षपण करतो आणि एकही पेशी नसताना खाच जांभळी होते. हा कंट्रोल नसेल, तर तो रंग जिवंत पेशींच्या खात्यावर जमा होतो. कर्क्युमिन मुळातच पिवळं आणि प्रतिदीप्त (फ्लुओरेसंट), म्हणून तेही असं रंगावरचं मोजमाप बिघडवू शकतं, शिवाय पोटातून रक्तात जेमतेम पोचतं.

मार्गदर्शक निवडताना एवढं जरूर विचारा: रेणू सीएसएफमध्ये (मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात) किती पोचला, हे मोजायची सोय तुमच्याकडे आहे का?