विंडोजच्या फाइल्स बिघडल्या? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

मार्च सरला की जळगाव-भुसावळकडे पारा चढत जातो आणि मे महिन्यात ४५ अंशांना टेकतो. लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, आणि आली तरी व्होल्टेज वरखाली होत राहतं. याच दिवसांत घरोघरचे कॉम्प्युटर कुरकुरायला लागतात. स्टार्ट मेनू उघडत नाही, सेटिंग्ज उघडल्या उघडल्या बंद होतं, अपडेट अर्ध्यावर अडकतं, मधेच निळा स्क्रीन येतो. मग ‘विंडोज उडालं’ म्हणत सीपीयू दुकानात जातो आणि फॉरमॅट होऊन परत येतो. कॉम्प्युटर चालू होतो खरा, पण फाइल्स बिघडल्या कशामुळे हे कोणी पाहिलेलंच नसतं. महिन्या-दोन महिन्यांनी तेच दुखणं पुन्हा वर येतं.

कारण न पाहता दुरुस्तीला लागणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. विंडोज चालू असताना डिस्कवर सतत काही ना काही लिहीत असतं. अपडेट चालू असेल तेव्हा तर सिस्टिमच्याच फाइल्स बदलल्या जात असतात. नेमकी तेव्हा लाईट गेली की फाइल अर्धवट राहते. पण दर वेळी दोष विजेचाच असतो असंही नाही. डिस्क खराब होत असेल किंवा रॅममध्ये बिघाड असेल तरी लक्षणं हीच दिसतात.

याचा पुरावा कॉम्प्युटर स्वतःच लिहून ठेवतो. स्टार्टवर राइट-क्लिक करा, इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम पाहा. ‘कर्नल-पॉवर’ या नावापुढे ४१ क्रमांकाच्या नोंदी असतील, तर कॉम्प्युटर नीट बंद न होता पुन्हा सुरू झालेला आहे. नोंदींच्या तारखा आणि वेळा लाईट जाण्याच्या वेळांशी जुळतात का ते तपासा. जुळत नसतील तर पॉवर सप्लाय किंवा तापलेला प्रोसेसर तपासायला हवा. ‘डिस्क’ या नावाखाली ७ क्रमांक दिसला, तर डिस्कवर खराब ब्लॉक आहेत. ‘एनटीएफएस’खाली ५५ म्हणजे फाइल सिस्टिमची मांडणीच विस्कटली आहे. निळा स्क्रीन वेगवेगळ्या नावांनी येत असेल तर विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवून रॅमही तपासा.

बॅकअपआधी चेकडिस्क

ऐकीव सल्ल्यावरून लोक थेट चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारी विंडोजची आज्ञा) लावतात, तीही ‘आर’ जोडून, म्हणजे डिस्कचा कोपरान् कोपरा तपासणारी. डिस्क मरायला टेकलेली असेल तर हा ताण तिला झेपत नाही आणि उरलेले फोटोही जातात. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर लावून डिस्कची तब्येत पाहा. तिथे ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं की दुरुस्तीचा नाद सोडा. मुलांचे फोटो, सातबारा आणि पीककर्जाचे स्कॅन, दुकानाचा टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या आणि डिस्क बदला. डिस्क धडधाकट असली तरी कॉपी आधी, चेकडिस्क नंतर. आणि लाईट जाण्याची वेळ असेल तेव्हा ती लावूच नका, कारण मोठ्या डिस्कला काही तास सहज लागतात.

एसएफसी आधी, डिझम नंतर

बिघडलेल्या फाइल्स बदलण्यासाठी विंडोजमध्येच एसएफसी (SFC) आणि डिझम (DISM) ही दोन साधनं आहेत, फक्त त्यांचा क्रम बहुतेकांचा उलटा होतो. एसएफसी बिघडलेली फाइल काढून तिच्या जागी चांगली प्रत ठेवतं. ही प्रत येते विंडोजच्या आतल्या ‘विनएसएक्सएस’ फोल्डरमधून. ही बियाण्याची कणगी समजा. कणगीतलंच बियाणं किडलं असेल तर शेतात कितीही वेळा पेरलं तरी उगवणार काय? कणगी साफ करायचं काम डिझमचं, म्हणून आधी डिझम. जागा मोकळी करण्यासाठी हे फोल्डर हातानं डिलीट करणारेही आहेत. तसं कधीही करू नका.

कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा. आज्ञा इंग्रजीत टाइप करायची आहे. डिझम, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून ऑनलाइन, तसंच पुढे तिरक्या रेघेसह क्लीनअप-इमेज आणि शेवटी रिस्टोअरहेल्थ (DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth). हे साधन चांगल्या फाइल्स विंडोज अपडेटकडून मागवतं, तेव्हा नेट चालू हवं. मोबाइलचं हॉटस्पॉटही चालतं. टक्का एकाच आकड्यावर बराच वेळ थांबला तरी खिडकी बंद करू नका. ते संपलं की एसएफसी, जागा, तिरकी रेघ आणि स्कॅननाऊ (sfc /scannow).

एसएफसीचा निकाल शेवटपर्यंत वाचा. बिघाड सापडला नाही, सापडला आणि दुरुस्त झाला, सापडला पण काही फाइल्स दुरुस्त झाल्या नाहीत, असे तीन निकाल प्रामुख्याने येतात. तिसरा आला तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करून एसएफसी पुन्हा चालवा. काम सुरूच होत नसेल तर सेफ मोडमधून, म्हणजे फक्त गरजेपुरतं विंडोज सुरू करून, चालवून पाहा.

डीएलएल डाउनलोड करणं

‘अमुक डीएलएल (प्रोग्रामला चालायला लागणारी फाइल) सापडत नाही’ असा संदेश आला की लोक ती एकच फाइल कुठल्याशा साइटवरून उतरवतात. तिच्याबरोबर व्हायरस आला तर कळतही नाही, आणि आवृत्ती जुळली नाही तर नवा घोळ होतो. ज्या प्रोग्रामची तक्रार आहे तो काढून पुन्हा टाका. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणाऱ्या क्लीनरच्या वाटेलाही जाऊ नका. कॉम्प्युटरवर क्रॅक केलेलं विंडोज असेल तर सिस्टिमच्या फाइल्समध्ये आधीच ढवळाढवळ झालेली असू शकते, तिथे या उपायांचा भरवसा धरू नका.

थेट रीसेट

दोन्ही साधनं हरली तरी ‘रीसेट धिस पीसी’ (विंडोज नव्यानं बसवणारी सोय) हा शेवटचा पर्याय ठेवा. ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तरी टाकलेले प्रोग्राम जातात. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, टॅली, प्रिंटरचा ड्रायव्हर, सगळं पुन्हा बसवावं लागतं. त्यापेक्षा मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजची आयएसओ फाइल (विंडोज बसवण्याची पूर्ण प्रत) घ्या, चालू विंडोजमध्येच ती उघडून सेटअप चालवा आणि फाइल्स व ॲप्स दोन्ही ठेवण्याचा पर्याय निवडा. सिस्टिमच्या फाइल्स नव्या होतात आणि तुमचं सामान जागच्या जागी राहतं. त्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहा. असेल तर त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ती हाताशी नसली आणि कॉम्प्युटरनं मागितली, तर डिस्क उघडत नाही.

नोंदींतून दोष विजेचा निघाला असेल तर यूपीएस घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागची कळ यूपीएस मोडवर आहे का पाहा. साध्या मोडमध्ये लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडतो. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी टाकत जा.