बागेसाठी महापालिकेचा निधी: अर्जापासून दोष दायित्वापर्यंत

बाग सुधारायची म्हटलं की मागणी येते कारंज्याची, ओपन जिमची आणि प्रवेशद्वारावरच्या कमानीची. पण बाग वाळते ती पाणी, माती आणि माळी कमी पडल्यामुळे. म्हणून निधी मागताना आधी पाण्याची सोय मागा, मग सावली आणि चालायची वाट. बाकी सगळं त्यानंतर. इथली पद्धत पुणे महापालिकेची आहे. इतर महापालिकांत खात्यांची नावं बदलतील, क्रम साधारण हाच राहील.

आधी जागा कोणाची ते पाहा

मिळकत पत्रिका किंवा सातबारा काढा आणि विकास आराखड्यात त्या जागेवर काय दाखवलंय ते तपासा. सोसायटीच्या लेआउटमधली मोकळी जागा सगळा परिसर वापरत असला, तरी ती महापालिकेच्या ताब्यात नसेल तर तिथे पालिकेचा पैसा लागत नाही. अनेक अर्ज इथेच परत येतात. आराखड्यात बागेसाठी आरक्षण आहे पण पालिकेकडे ताबा नाही, अशा जागेकडे तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवं. प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा मंजूर झाल्यावर दहा वर्षांत संपादन झालं नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने पावलं उचलली नाहीत, तर आरक्षणच संपतं.

मग माणसं मोजा

एक कामाचा दिवस आणि एक रविवार निवडा. बाग उघडी असेल त्या वेळांत, सकाळी ६ ते ८, दुपारी ४ ते ५ आणि संध्याकाळी ७ नंतर, कोण येतं ते लिहून ठेवा: लहान मुलं, बायका, काठी घेऊन चालणारे आजी-आजोबा. अंधार पडल्यावर बायका येणं थांबत असेल, तर दिवे हे पहिलं काम. सोबत बागेचा कागदावर नकाशा काढून तुटलेले नळ, पाणी साचणाऱ्या जागा आणि प्रत्येक मोठं झाड खुणेने दाखवा. अभियंत्यासमोर हा एक कागद शंभर सह्यांच्या निवेदनापेक्षा जास्त बोलतो.

पैसा कुठून येतो

महापालिका अधिनियमात उद्यानं ही पालिकेच्या ऐच्छिक कर्तव्यांत मोडतात. त्यामुळे तंगीच्या वर्षी कात्री आधी इथे लागते. एकाच स्रोतावर विसंबू नका.

नागरिकांसाठी सर्वांत जवळची वाट म्हणजे सहभागी अंदाजपत्रक, म्हणजे आपल्या भागातली कामं नागरिकांनीच पालिकेच्या अंदाजपत्रकासाठी सुचवायची. पुण्यात ही पद्धत २००६ पासून आहे. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात किंवा ऑनलाइन घेतले जातात, बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धात. एका कामाला कमाल ५ लाख ही मर्यादा वर्षानुवर्षं चालत आली आहे. तरी त्या वर्षीचा अर्ज नीट वाचा. या रकमेत १८ टक्के जीएसटी धरला, तर प्रत्यक्ष कामाला सुमारे ४ लाख २३ हजार उरतात. म्हणून "बागेचं सुशोभीकरण" असं कधीच लिहू नका. "पश्चिमेच्या फाटकापासून खेळाच्या जागेपर्यंत ९० मीटर लांब, १.८ मीटर रुंद पायवाट" असं लिहा. मोघम काम मंजूर झालं, तरी त्यातून काय उभं राहील याचा नेम नसतो.

मोठ्या कामासाठी आमदार किंवा खासदार निधी मागता येतो, पण तो कायमस्वरूपी बांधकामासाठी असतो. माळ्याचा पगार त्यातून निघत नाही. झाडांसाठी वृक्ष प्राधिकरणाचा निधी आहे. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखालचा वृक्ष कर आपण मिळकतकराच्या बिलात भरतोच, त्यामुळे झाडांचा खर्च तिथून मागायला संकोच नको. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. कंपनीकडे जाण्याआधी उद्यान विभागाची लेखी संमती घ्या. करारात देखभाल किती वर्षं आणि कोणाची, फलकाचा आकार किती, हे स्पष्ट हवं.

आणि प्रत्येक भांडवली कामाबरोबर (नवीन बांधकाम) महसुली तरतूद (रोजच्या देखभालीचा खर्च) मागा. पाइप टाकायला पैसे मिळाले आणि पंप चालवायला माणूस नाही, असं झालं की दोन उन्हाळ्यांत बाग पूर्ववत होते. निविदेतच तीन वर्षांची देखभाल घालून घेणं हा त्यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय.

पूर्वगणनपत्रकात काय पाहायचं

पूर्वगणनपत्रक म्हणजे कामाचा आणि त्याच्या खर्चाचा आधी केलेला तपशीलवार अंदाज. त्यात पाण्याचा हिशेब आधी. हिरवळीला उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज साधारण ५ लिटर लागतं. अर्धा एकर म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर, म्हणजे रोज १०,००० लिटर, एक मोठा टँकर! म्हणून हिरवळ बसण्यापुरती ठेवा, बाकी जागेत झाडं आणि झुडपं लावा. मैलाशुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी मिळत असेल तर ते ठिबकनेच द्या, फवाऱ्याने नको. आणि त्याची नळजोडणी पिण्याच्या पाण्यापासून पूर्ण वेगळी ठेवा.

पायवाट खचते ती बहुतेक वेळा काळ्या मातीमुळे. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरचे ब्लॉक उचलले जातात. ३० सेंमी खोदाई, २० सेंमी मुरूम-खडी थरांत दाबलेली, ३ सेंमी कच (दगडाचा बारीक चुरा), वर ६० मिमीचे ब्लॉक आणि दोन्ही बाजूंना कडेचे दगड, एवढं पत्रकात दिसलं पाहिजे. कडेचे दगड वाचवले की ब्लॉक बाहेर सरकतात. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं प्रमाण १:१२ हून तीव्र नको. नुसतं चालण्यासाठी दाबलेल्या मुरमाची वाट गुडघ्यांना बरी आणि पाणीही मुरवते.

झाडाच्या बुंध्याभोवती किमान १ मीटर काँक्रीट नको. नवीन झाडांना १ मीटर लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात पोयट्याची माती आणि कुजलेलं शेणखत. बहावा, ताम्हण, करंज, कडुनिंब पुण्याला मानवतात. घसरगुंडीखाली फरशी दिसली तर हरकत घ्या. तिथे ३० सेंमी वाळू हवी.

वेळापत्रक

आयुक्तांचं अंदाजपत्रक साधारण जानेवारीत येतं, मग स्थायी समिती, मग मुख्य सभा. तरतूद दिसली की काम झालं असं समजू नका. एप्रिलमध्येच पूर्वगणनपत्रक कुठल्या टेबलावर आहे ते विचारा. बागेत स्थापत्य, विद्युत आणि उद्यान अशी तीन खाती येतात; दिव्यांच्या केबल पायवाटेआधी टाकल्या नाहीत, तर नवी वाट पुन्हा उखडली जाते. वृक्षारोपण जून-जुलैमध्ये, बांधकाम ऑक्टोबरनंतर. हलगर्जी झाली की फेब्रुवारीत कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) निघतो, मार्चअखेर बिल काढायची घाई होते आणि रोपं भर उन्हात लागतात. दिवाळीपर्यंत हालचाल नसेल तर वर्गीकरणाची भीती खरी: तुमच्या कामाचा पैसा दुसऱ्या कामाकडे वळवला जातो. उत्तर मिळत नसेल तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही) प्रत मागा. मुदत ३० दिवसांची असते.

प्रत हाती आली की टेप घेऊन वाट स्वतः मोजा. दोष दायित्व कालावधी म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत. ती संपायच्या दोन महिने आधी, शक्यतो एका पावसाळ्यानंतर, खचलेले ब्लॉक आणि मेलेली झाडं फोटोसह लेखी कळवा आणि पोच घ्या. ठेकेदाराची अनामत रक्कम तोवर पालिकेकडेच असते.